अनेक संपादकांचे पृष्ठ आणि बाहेरून येणारा आकडा

संकेतस्थळावरील एकच पृष्ठ अनेक संपादक लिहीत असता त्यातील विधानांची जबाबदारी कशी निश्चित करावी? मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला. तेथे प्रत्येक लेखाला स्वतःचा ‘इतिहास’ असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे त्यावरून कळते. मतभेद चर्चापानावर मांडता येतात आणि अनुचित बदल उलटवता येतो. परंतु ही व्यवस्था पृष्ठावर प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुरापुरतीच पुरेशी ठरते. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यातून लेखाच्या माहितीचौकटीत आकडे आपोआप येऊ शकतात. असा आकडा मूळ साठ्यात बदलला, तर पृष्ठावर तो बदललेला दिसतो. पृष्ठाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद होत नाही.

याचा परिणाम ठाणे जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ आणि मुरबाडची १,९०,६५२ होती. तत्कालीन जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ असल्याने या दोन तालुक्यांचा वाटा सुमारे ४.६ टक्के होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. उर्वरित सात तालुक्यांची त्याच जनगणनेतील लोकसंख्या ८०,७०,०३२ भरते. त्या मानाने हाच वाटा सुमारे ६.३ टक्के होतो. दोन्ही तालुक्यांतील माणसे तीच. बदलली ती जिल्ह्याची सीमा.

आता समजा, एका संपादकाने पहिली टक्केवारी लेखात लिहिली आणि पुढे माहितीसाठ्यात जिल्ह्याचा आकडा नव्या सीमेप्रमाणे दुरुस्त झाला. चौकट आणि परिच्छेद परस्परविरोधी होतील. वस्तुतः दोघांपैकी कोणीही चुकलेले नसेल. एवढेच नव्हे, तर लेखाची जुनी आवृत्ती उघडली तरी तिच्या चौकटीत साठ्यातील आजचाच आकडा दिसेल. ग्रामीण तालुक्यांच्या वाट्यावरून प्रबंधात निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे.

यावर उपाय अवघड नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आकड्यासोबत त्याचे वर्ष, त्याचा आधार आणि तो ज्या सीमेला लागू आहे ती सीमा यावी. स्थळाची ओळख केवळ नावावरून न ठरवता जनगणनेच्या संकेतांकावरून ठरवावी. कारण शहापूर नावाचे गाव कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यातही आहे. हाताने लिहिलेल्या टक्केवारीत छेद कोणता, हे त्याच वाक्यात सांगावे. संपादकांनी आपल्या निरीक्षणसूचीत माहितीसाठ्यातील बदलही दिसतील अशी योजना करावी. अभ्यासकाने उद्धृत करताना पृष्ठ पाहिल्याची तारीख द्यावी आणि आकडा मूळ जनगणनेशी ताडून घ्यावा.

सारांश, अनेक हातांनी लिहिलेल्या पृष्ठाचा विश्वास त्याच्या इतिहासावर अवलंबून असतो. जो आकडा त्या इतिहासाबाहेर बदलतो, त्याने स्वतःचा इतिहास सोबत आणला पाहिजे.