मुठीत सांबर, पात्यावर शिक्का

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग साजरा होतो आणि भाजलेली अख्खी टर्की जेवणाच्या टेबलावर येते. सगळ्यांदेखत ती कापण्याचा मान पूर्वी घरातल्या कर्त्या पुरुषाचा असे, आणि त्या मानासाठी हत्यारेही वेगळी असत. लांब पात्याचा सुरा, दोन दातांचा काटा आणि धारेसाठी पोलादी सळई. तिन्हींच्या मुठी एकसारख्या, मुठीला चांदीचे कडे आणि वर टोपी, ठेवायला साटिनचे अस्तर लावलेली पेटी. हा कार्व्हिंग सेट. पाच नगांच्या संचात कोंबडी-बदकांसाठी सुरा-काट्याची आणखी एक लहान जोडी असते.

यातला काटा नीट निरखण्यासारखा आहे. त्याच्या मानेपाशी धातूचा एक छोटा आडदांडा दुमडून बसवलेला असतो. तो उभा केला की मांसावरून निसटलेला सुरा काटा धरलेल्या हातापर्यंत पोहोचत नाही. सळईच्या कामाविषयी गैरसमज फार. ती पोलाद फारसे घासून काढत नाही. कापता कापता एका अंगाला कललेली धार ती पुन्हा सरळ उभी करते. इतक्या विचाराने घडवलेला हा ऐवज वर्षातून दोन-चार वेळाच बाहेर निघायचा. लग्नात आहेर म्हणून आलेले कित्येक संच तर पेटीतून कधी निघालेच नाहीत.

खिशातल्या घडीच्या चाकूचे नशीब नेमके उलटे. सकाळी विजारीच्या खिशात गेलेला चाकू दिवसभर सुतळी, सफरचंद, तंबाखू, पेन्सिल असे काहीही कापायचा आणि धार गेली की दगडावर घासला जायचा. पाते झिजून सुईसारखे झाले की तो फेकून द्यायचा. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचा साधा कार्व्हिंग सेट पेटीसकट आजही माफक किमतीत मिळतो, आणि त्याच काळातला, न वापरलेला, पूर्ण पात्याचा दुर्मीळ चाकू हजारो डॉलरना जाऊ शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत चांगला चाकू म्हटला की तो इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, असेच समीकरण होते. ते मोडायला सुरुवात झाली मॅसॅच्युसेट्समध्ये. जॉन रसेलने 1834 मध्ये ग्रीनफिल्ड इथे कारखाना काढला. आधी छिन्न्या, मग चाकू. जवळच्या ग्रीन रिव्हर नदीचे नाव त्याने कारखान्याला दिले आणि ते पात्यावरही उमटवले. पश्चिमेकडे फर मिळवायला जाणाऱ्या शिकाऱ्यांच्या कमरेला हा शिक्का पोहोचला. शेलबर्न फॉल्स इथली लॅमसन अँड गुडनाऊ ही कंपनी 1837 ची. कनेटिकटमध्ये मेरिडन कटलरी आणि न्यू ब्रिटनची लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क यांनी घरोघरी सुरी-काटे पोहोचवले. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनमध्ये घडीच्या चाकूंचे कारखाने उभे राहिले आणि शेफिल्डचेच कारागीर समुद्र ओलांडून तिथे कामाला आले.

मग 1890 चा मॅकिन्ली कायदा आला. आयात मालावर जबर जकात बसली आणि देशी कारखान्यांना मोकळे रान मिळाले. त्याच कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे पात्यावर ‘इंग्लंड’ असे कोरलेले असेल तर ती वस्तू बहुधा 1891 नंतरची, एवढे अनुमान आज कोणताही संग्राहक सहज काढतो.

या साऱ्याचा भारताशी असलेला धागा मुठीत आहे. जुन्या कार्व्हिंग सेटवरच्या आणि महागड्या चाकूंवरच्या खडबडीत, तपकिरी-पांढऱ्या मुठींना व्यापारात ‘स्टॅग’ म्हणतात, आणि त्यातली सर्वोत्तम शिंगे भारतातल्या सांबराची. ताडोबात किंवा मेळघाटात हिंडलेल्या माणसाला हा प्राणी परिचयाचा. नराची शिंगे गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. ही शिंगे आतून भरीव असतात, मधला मऊ गाभा कमी असतो. त्यामुळे ती तासली, भोके पाडली, पोलादाला रिवेटने जखडली तरी टिकतात. रानात वेचलेली शिंगे वर्षानुवर्षे शेफिल्डला आणि अमेरिकेला जात राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली, आणि जुन्या सांबरशिंगी मुठींचा भाव चढला.

शिंग सर्वांना परवडत नसे. त्यावर कारखान्यांनी काढलेला उपाय फार देखणा आहे. गुरांच्या नडगीच्या हाडावर यंत्राने खाचा पाडायच्या आणि ते तपकिरी रंगात बुडवायचे, की शिंगाचा भास होतो. पुढे या खाचांच्या धाटणीवरूनच जाणकार चाकूचे घराणे ओळखू लागले.

तरी खरी ओळख पात्याच्या मुळाशी, बिजागरीलगतच्या शिक्क्यात असते. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची केस ही कंपनी याचा उत्तम नमुना. तिच्या चाकूंवर आकडा असतो. 6254 मधला 6 म्हणजे हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 हा घाट, ज्याला ट्रॅपर म्हणतात. मूठ शिंगाची असेल तर तोच चाकू 5254 होतो. शिक्काही काळ सांगतो. 1940 ते 1964 मध्ये ‘केस एक्सएक्स’, 1965 पासून त्याखाली ‘यूएसए’. 1970 मध्ये कंपनीने शिक्क्याखाली दहा टिंबे दिली आणि दरवर्षी एकेक टिंब कमी केले. 1979 च्या चाकूवर एकच टिंब उरले. विसाव्या शतकातली ही पद्धत संग्राहकांच्या इतकी पथ्यावर पडली की टिंबे मोजत पूर्ण दशक जमवणे हा अनेकांचा ध्यास झाला.

बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घटली, तेव्हा कंपनी 1920 च्या सुमारास ब्रिजपोर्टमध्ये चाकू बनवू लागली. मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची पट्टी बसवलेले तिचे ‘बुलेट’ चाकू, विशेषतः आर1123, आजही संग्राहकांच्या स्वप्नात असतात. 1940 मध्ये हा व्यवसाय विकला गेला. वीसच वर्षांचे उत्पादन, म्हणून मागणी जास्त आणि नकलाही जास्त.

नकलांचा संशय जुनाच. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ या 1876 च्या कादंबरीत टॉमला साडेबारा सेंटचा बार्लो चाकू भेट मिळतो, आणि असल्या चाकूचीही नक्कल होऊ शकते असे तिकडच्या पोरांना वाटे, हेही ट्वेन तिथेच नोंदवतो. आज बदललेले पाते, नव्याने कोरलेला शिक्का, यंत्रावर घासून तरुण केलेला चाकू अशा फसवणुकी सर्रास होतात. अनुभवी माणूस चाकू उघडून-मिटवून पाहतो. पाते न अडखळता फिरले पाहिजे आणि मिटताना खणखणीत ‘टक’ आवाज आला पाहिजे.

मुठीच्या साहित्याबाबतही सावध राहावे लागते. 1870 च्या सुमारास आलेल्या सेल्युलॉइडच्या मुठी सुंदर दिसतात, पण जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते. असे चाकू वेगळे, हवेशीर जागीच ठेवावेत. हस्तिदंती मुठींचा व्यवहार अमेरिकेत 2016 पासून कडक नियमांत अडकला आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू सूट मागू शकते, पण तिचे वय पुराव्याने दाखवावे लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला जुन्या घरसामानाच्या विक्रीत अशी पेटी किंवा चाकू दिसला, तर किंमत विचारण्याआधी पात्याचे मूळ वाचावे आणि पाते किती झिजले आहे ते पाहावे. घेतलाच तर घासून चकचकीत करू नये. कार्बन पोलादावरचा करडा डाग हे त्याचे वय आहे आणि तो गेला की किंमतही जाते. चामड्याच्या म्यानात तर मुळीच ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा आणि कोरड्या जागी ठेवून द्यावा, एवढे पुरे.