मुंबई-दुबई : प्रवास तीन तासांचा, हिशेब दिवसाचा

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमान जाताना साधारण सव्वातीन तास घेते, येताना थोडे कमी. विशेषतः हिवाळ्यात पश्चिमेचा वारा परतीच्या विमानाला मागून रेटा देतो.

पण तिकिटावरची वेळ फसवते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान तिथे पावणेबाराला उतरते. दुबईहून १२ ला निघालेले मात्र मुंबईत साडेचारला!

पहिल्या फेरीत मी इथेच चुकलो. "१२ ला निघतो, ३ ला मुंबईत, ५ ला पेढीवर," असे पार्टीला कळवले. सामान घेऊन बाहेर पडलो तेव्हा साडेपाच झाले होते. पार्टीने वाट पाहिली आणि कापडाचा सौदा दुसऱ्याशी केला. जबान माझी गेली, दोष घड्याळाचा नव्हता.

म्हणून वायदा करताना वेळ कोणत्या शहराची, ते लिहा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, कस्टम, सामान धरले तर अख्खा दिवस जातो. २०२२ पासून दुबईच्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस काम. कागदपत्रांचे काम गुरुवारपर्यंत उरकावे. माल नंतरही पोहोचतो, गेलेली साख परत येत नाही.