उरेब पट्टी आणि गिऱ्हाइकाची चिंधी

आमचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि आमचे घर अम्मीच्या शिलाई मशीनवर चालू लागले. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. थोडे कळू लागल्यावर एक गोष्ट मात्र रोज पाहिली. शिवलेला ब्लाउज देताना अम्मी त्याच कापडाच्या उरलेल्या चिंध्यांची पुरचुंडीही टाचणीने लावून देत असे. शेजारच्या काकू म्हणत, "भाभी, एवढ्याशा चिंध्या काय परत करता?" अम्मी म्हणे, "ताई, कापड तुमचे आहे. माझ्याकडे ते अमानत आहे."

या चिंध्यांतच उरेब पट्टी दडलेली असते. आज भगिनींशी तिच्याविषयीच बोलायचे आहे.

गळ्याला, बाहीला, झबल्याला, गोधडीच्या कडेला जी दुमडलेली पट्टी लावतो तिला कोणी पायपिंग म्हणते, कोणी गोट, तर जुनी माणसे मगजी म्हणतात. ही पट्टी तिरपी कापलेली असली की ती उरेब पट्टी. शिंपी तिला 'उरेप'ही म्हणतात. उरेब हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थच तिरपा. मगजीही तिकडचीच. शिवणकामाची भाषा उर्दू-मराठी असा भेद करीत नाही.

पट्टी तिरपीच का कापायची? अब्बा हे रुमालावर दाखवीत. कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. उभ्या किंवा आडव्या धाग्यात ओढले तर कापड फारसे ताणत नाही. पण रुमालाचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, कापड लगेच लांबते. धाग्यांचे बारीक चौकोन तिरपे होतात म्हणून हे घडते. ही लवचीकता असल्यामुळे तिरपी पट्टी गोल गळ्यावर अंग टेकून बसते. सरळ पट्टी वळत नाही, तिला चुण्या पडतात. १९२० च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी तिरप्या कापडाचे अख्खे पोशाख शिवून जगभर नाव मिळवले. त्यांच्या कामाचे मर्मही हेच होते.

आता कृती. सुती कापड आधी धुऊन, वाळवून इस्त्री करा, म्हणजे पट्टी नंतर आटणार नाही. रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. कापडाचा एक कोपरा असा दुमडा की आडवी कड उभ्या कडेवर येईल. पडलेली घडी म्हणजे ४५ अंशांची रेघ. त्या रेघेला समांतर दीड-दीड इंचावर खडूने रेघा मारा आणि कापा. पट्टीची टोके सरळ धाग्यात कापा. जोडताना दोन पट्ट्या सुलट्या बाजू आत घेऊन एकमेकींशी काटकोनात ठेवा. दोन्हीकडे बारीक टोक बाहेर राहील असे पाहा आणि तिरपी शिवण घाला. मग शिवण उलगडून दाबा, बाहेरची टोके छाटा. असा सांधा पट्टीवर उठून दिसत नाही.

किती कापड लागेल याचा हिशेब सोपा आहे. कापडाच्या क्षेत्रफळाला पट्टीच्या रुंदीने भागा. १८ इंची चौकोन म्हणजे ३२४ चौरस इंच. त्याला दीडने भागले की २१६ इंच, म्हणजे सहा वार. सांध्यांत आणि कोपऱ्यांत थोडे जाते, म्हणून पाच-साडेपाच वारच धरा. शाळेत मुलींना क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण दिले की फळ्यावरचा चौकोन त्यांना एकदम ओळखीचा वाटतो.

पट्टीच्या दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत आत दुमडून इस्त्री करा, मग पुन्हा मधोमध दुमडा. इस्त्री वरून दाबा, फिरवून ओढू नका. गळ्यासारख्या आत वळणाऱ्या कडेला पट्टी किंचित ताणून लावा. लाळेऱ्याच्या बाहेर वळणाऱ्या कडेला मात्र सैल सोडा. गळ्याच्या वळणावर कापडाला बारीक कात्र्या द्यायला विसरू नका.

आम्ही चौदा वर्षांचे असताना एक चूक केली. शेजारच्या मुलीच्या लग्नातला ब्लाउज होता. ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यातून पाठ, पुढा आणि बाह्या निघाल्यावर तिरप्या पट्टीला पुरेसे कापड दिसेना. छोटे तुकडे जोडण्याचा कंटाळा आला आणि आम्ही सरळ पट्टी कापून लावली. गळा उभा राहिला. अम्मीने रात्री ती उसवली तेव्हा नाजूक कापडाची कड फाटली. आम्ही सुचवले, "आतून तुकडा लावू, कोणाला कळणार आहे?" अम्मी काही बोलली नाही. सकाळी आम्हालाच सोबत घेऊन काकूंकडे गेली आणि घडले ते सांगितले. काकू रागावल्या, ते साहजिकच होते. शेवटी त्यांच्या संमतीने गळा थोडा खोल केला आणि त्यांच्याच साडीच्या काठाशी जुळणारी हिरवी मगजी लावली. शिलाई अम्मीने घेतली नाही. घरात पैशांची किती ओढ होती, ते आम्हाला ठाऊक होते.

आज मंगळदास मार्केटात, दादरच्या हिंदमाता परिसरात हवे ते कापड मिळते आणि तयार पट्टीही मिळते. घाईच्या कामाला ती जरूर घ्या. पण ती सुती आहे का, तिरपी आहे का, हे ओढून पाहा. तान्ह्या बाळाच्या झबल्याला आणि नमाजच्या ओढणीला घरची मऊ सुती पट्टीच बरी. जुना कुर्ता, अब्बांची लुंगी यांतूनही छान पट्टी निघते.

घरी बसून शिवणाऱ्या भगिनींना एक विनंती. पट्टी कापणे, जोडणे, दाबणे यांत वेळ जातो. तो शिलाईत धरा आणि दर आधी सांगा. कापड कमी पडत असेल तर कात्री लावण्यापूर्वी विचारा. आणि शिवून घेणाऱ्या भगिनींनो, "पट्टीच तर आहे" म्हणून त्या मेहनतीचे पैसे कापू नका. कापड जशी शिवणारीकडे तुमची अमानत, तशी तिची मेहनत तुमच्याकडे.

अम्मीचे मशीन आता आमच्याकडे आहे. आम्ही फक्त घरचेच शिवतो. तरी खणात टाचण्यांची डबी तिच्या जागेवरच ठेवली आहे.