अक्षतेपासून भ्रमणध्वनीपर्यंत

विवाह हा दोन कुटुंबांचा आनंदसोहळा होय. त्यात आप्तेष्टांनी सहभागी व्हावे म्हणून त्यांना आमंत्रण देण्याची प्रथा फार जुनी आहे. पूर्वी घरची वडीलधारी मंडळी दारोदार जाऊन कुंकू लावलेल्या अक्षता देत व लग्नास येण्याचा आग्रह करीत. पुढे छापखाने निघाले आणि लग्नपत्रिका आली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवावयाची व परगावच्या पत्रिका टपालाने धाडावयाच्या, असा परिपाठ पडला.

आता हेच काम भ्रमणध्वनी करतो. पत्रिकेतील अक्षरांचे व चित्रांचे तो अंकांत रूपांतर करतो. ते अंक रेडिओलहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्याकडे जातात. तेथून पुढे जमिनीखालील व समुद्रतळावरील काचतंतूंमधून ते प्रकाशाच्या रूपाने धावतात. त्यामुळे परदेशी असलेल्या भावालाही क्षणार्धात आमंत्रण पोचते. कागद वाचतो, खर्च वाचतो. मुहूर्त किंवा स्थळ बदलल्यास तसे तत्काळ कळविता येते. २०२० साली साथीमुळे घराबाहेर पडणे कठीण झाले, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडली.

परंतु शंभर जणांना एकदम धाडलेल्या संदेशात आग्रहाचा ओलावा कोठून येणार? शिवाय खेड्यातील वृद्ध आत्याजवळ हे यंत्र नसेल, तर ती आमंत्रणावाचूनच राहावयाची! म्हणून जाणती माणसे दूरच्यांना संदेश पाठवितात; वडीलधाऱ्यांकडे मात्र अक्षता घेऊन स्वतः जातात. साधने बदलतात, ती बदलावीत. पण आमंत्रणातील जिव्हाळा बदलता कामा नये.