विमानाचे पेट्रोल आणि आपली फटफटी

वाचकहो, गावच्या गॅरेजवर दोन घटका बसलात तर तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी कानावर पडतात. कुणी सांगतो, टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, गाडी जास्त पळते. कुणी म्हणतो, छे, विमानाचे पेट्रोल मिळाले पाहिजे, मग बघा, फटफटी नुसती उडते की नाही! ऐकणारे हसतात, पण मनात कुठेतरी वाटतेच, की विमानाला आभाळात नेणारे पेट्रोल आपल्या गाडीत घातले तर खरेच काय होईल?

हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत शेकडो, हजारो एकरांची शेते असतात. तिथल्या काही शेतकऱ्यांकडे स्वतःचे लहान विमान असते, घरामागे धावपट्टी असते आणि विमानाच्या पेट्रोलची टाकीही असते. शेतावर फिरायला त्यांच्याकडे चार जाड चाकांची मोटारसायकल असते. तिला क्वाड बाइक किंवा एटीव्ही म्हणतात. आपल्याकडे अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारून आणणारी ही गाडी तुम्ही पाहिली असेल. तिथला शेतकरी कधी कधी विमानाच्या टाकीतले पेट्रोल याच गाडीत ओततो. त्याचे म्हणणे असे, की ते महिनोन्महिने ठेवले तरी लवकर बिघडत नाही आणि त्यात अल्कोहोल मिसळलेले नसते.

हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे आपण पाहू.

विमानाचे इंधन एक नव्हे, दोन

पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवा, की मोठी प्रवासी विमाने पेट्रोलवर चालतच नाहीत. त्यांची जेट इंजिने ज्या इंधनावर चालतात, ते आपल्या रॉकेलाच्या जातीचे असते. पूर्वी विहिरीवर पेट्रोलने चालू करून मग रॉकेलवर चालवायचे पंप होते, ते अनेकांना आठवत असतील. त्या इंजिनांची बनावटच तशी होती, त्यात दाब कमी असे. आजच्या मोटारसायकलीत रॉकेलासारखे इंधन घातले तर ती नीट चालू होत नाही, ठोके मारते, धूर ओकते, आणि न जळलेले इंधन खाली उतरून इंजिनातले ऑइल पातळ करते. तेव्हा जेट विमानाच्या इंधनाचा विचारच सोडा.

दुसरे इंधन म्हणजे खरेखुरे विमानाचे पेट्रोल. ते लहान, पंख्याच्या विमानांसाठी असते. बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिक होऊ पाहणारी मुले ज्या छोट्या विमानांवर शिकतात, तशा विमानांना ते लागते. त्याचे आज सर्वांत जास्त चालणारे नाव ‘१०० एल.एल.’. रंग निळा. रेशनवर मिळणारे रॉकेलही निळेच असे, म्हणून रंगावरून फसू नका. आपल्या देशात हे पेट्रोल बाहेरून आणावे लागे. २०२२ साली इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार केलेले पेट्रोल बाजारात आणले. पण ते विमानांसाठीच आहे, रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही.

‘शंभर’ म्हणजे जास्त ताकद नव्हे

१०० एल.एल. मधला शंभर हा आकडा ऑक्टेनचा. आपल्या पंपावरच्या पेट्रोलचा आकडा ९१ ते ९५ च्या घरात असतो. मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत, तरी विमानाचे पेट्रोल यात वरचढ आहे हे खरे. पण ऑक्टेन म्हणजे ताकद, अशी जी समजूत आहे, ती चुकीची.

ऑक्टेन म्हणजे इंधनाचा दम धरण्याचा गुण. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडते. दाबाने व उष्णतेने पेट्रोलचा काही भाग ठिणगीच्या आगीची वाट न पाहता आपोआप भडकला, तर इंजिन ‘टक् टक्’ ठोके मारते. बैलाने हाक देण्याआधीच हिसका मारावा, तसे हे. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा हिसका मारत नाही. पण जो बैल आधीच हुकमात चालतो, त्याला आणखी शांत केल्याने गाडी जोरात कशी पळेल?

आपल्या रोजच्या मोटारसायकलीत मिश्रण साधारण नऊ ते दहा पट दाबले जाते. तेवढ्याला पंपावरचे पेट्रोल पुरते. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनच्या पेट्रोलने बळ दिले, कारण त्यामुळे त्यांच्या इंजिनात हवा जास्त दाबून भरता आली. इंजिन तसे नसेल तर पेट्रोल एकटे काही करू शकत नाही. खास शर्यतीसाठी बांधलेल्या, फार दाबाच्या मोटारसायकलींना त्याचा उपयोग होतो. बाजाराला आणि दूध डेअरीवर जाणाऱ्या गाडीला होत नाही.

उलट ते वजनाने थोडे हलके असल्याने एका लिटरातली उष्णता साध्या शुद्ध पेट्रोलपेक्षा किंचित कमीच भरते. शिवाय उंचावर हवा विरळ झाल्यावर नळीतच वाफ होऊ नये म्हणून त्यात लवकर उडून जाणारा अंश कमी ठेवतात. म्हणून ते साठवणीत टिकते. पण म्हणूनच थंडीच्या पहाटे त्यावर गाडी चालू करताना जास्त किका माराव्या लागतात.

खरा धोका शिशाचा

आता मुख्य गोष्ट. ‘एल.एल.’ चा अर्थ आहे ‘कमी शिशाचे’. पण हे ‘कमी’ जुन्या विमान-पेट्रोलच्या मानाने. एका लिटरात ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. दहा लिटरची टाकी भरलीत, तर साडेपाच ग्रॅमपर्यंत शिसे तुम्ही अंगणात आणले.

पेट्रोलमध्ये शिशाचे द्रव्य मिसळले की ठोके थांबतात, हे अमेरिकेत थॉमस मिजली यांना १९२१ साली आढळले. १९२४ सालीच ते द्रव्य बनवणारे काही कामगार विषबाधेने मेले. तरीही पुढे कित्येक दशके जगभर गाड्या शिशाच्या पेट्रोलवर धावल्या. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून ते बंद झाले. २०२१ साली अल्जीरियाने ते थांबवल्यावर जगात कुठेच गाड्यांसाठी पंपावर शिशाचे पेट्रोल उरले नाही. जे साऱ्या जगाने एवढ्या खटपटीने गाड्यांतून काढले, ते आपण विकत घेऊन परत का घालावे?

गाडीचेही नुकसान आहेच. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत धूर शुद्ध करणारा भाग सायलेन्सरच्या वाटेवर असतो, आणि धुराची परीक्षा करणारा सेन्सर असतो. शिशाचा थर बसला की दोन्ही निकामी होतात आणि मोठा खर्च गळ्यात पडतो. जुन्या गाडीतही प्लगवर शिसे जमते आणि गाडी मिसिंग करू लागते. ‘जुन्या बुलेटला शिसे लागतेच’ असे कोणी सांगेल. पण गेली पंचवीस वर्षे त्या गाड्या बिनशिशाच्या पेट्रोलवरच फिरत आहेत, हे तुम्ही रोज पाहता.

घरातल्या लेकरांकडे पाहा

गाडी दुरुस्त होईल, पण मुलाच्या मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण शरीराला निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुले पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतात. बुद्धी, लक्ष, शिकणे यांवर त्याचा परिणाम होतो. गर्भार बाईच्या पोटातल्या बाळालाही ते पोचते.

आपल्या घरची रीत आठवा. फटफटी ओसरीत किंवा पडवीत उभी असते. सकाळी ती तिथेच चालू करतो, आणि शेजारी पोर रांगत असते. धुराबरोबर पडलेले शिसे उडून जात नाही, मातीत राहते. मातीचे हात पोर तोंडात घालते. दुसऱ्या टाकीत पेट्रोल काढायचे तर आपण नळी तोंडात धरून ओढतो. हाताचे ग्रीस पेट्रोलने धुतो. रिकामा कॅन टाकून न देता त्यात पाणी नाहीतर गोडेतेल भरतो. साध्या पेट्रोललाही हे करू नये. आणि विमानाच्या पेट्रोलमधले शिशाचे द्रव्य तर कातडीतूनही आत शिरते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात एका छोट्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. २०२२ च्या सुरुवातीपासून तिथे शिशाचे विमान-पेट्रोल विकणे बंद झाले. २०२३ साली अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याने विमानांच्या धुरातले शिसे लोकांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे जाहीर केले. विमानेच जिथे शिशापासून सुटका करून घेऊ पाहत आहेत, तिथे आपण ते फटफटीत घालणे हा शहाणपणा नव्हे.

मग साठवणीचे काय?

त्या परदेशी शेतकऱ्याची अडचण मात्र आपल्यालाही आहे. आज आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि मक्यापासून होते, त्यात आपला फायदाही आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह खाली बसते, आणि चार महिने पडून राहिलेला फवारणी पंप किंवा गवत कापायचे यंत्र चालू होत नाही. त्यावर उपाय घरचेच आहेत:

१. पेट्रोल पंधरा दिवस पुरेल एवढेच आणा. टूस्ट्रोक यंत्रासाठी ऑइल लागेल तेवढ्याच पेट्रोलमध्ये मिसळा.

२. कॅन घट्ट झाकणाचा ठेवा, चुलीपासून आणि झोपायच्या खोलीपासून दूर, सावलीत. त्यावर खूण करा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.

३. हंगाम संपला की यंत्राची टाकी रिकामी करा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल.

४. जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या पावसाळ्याआधी तपासा. फुगल्या किंवा तडकल्या असतील तर बदला.

५. पेट्रोल काढायला हातपंपाची नळी वापरा. तोंडाने कधीही ओढू नका.

आणि कुणी आग्रहाने विमानाचे पेट्रोल एकदा गाडीत घातलेच असेल, तर घाबरू नका, इंजिन फुटणार नाही. मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्या, पण ते पेट्रोल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू देऊ नका.

गाडी जोरात पळावी असे वाटत असेल तर चाकातली हवा, चेन, एअर फिल्टर आणि प्लग वेळच्या वेळी पाहा. फटफटीला उडायचे नाही. तुम्हाला शेतावर नेऊन संध्याकाळी सुखरूप घरी आणणे, एवढेच तिचे काम. ते पंपावरच्या पेट्रोलवर चांगले होते.