कांद्यावरील किरणांची बातमी आणि शेतकऱ्याचा हिशेब

वर्तमानपत्रांत शास्त्रीय शोधांच्या बातम्या हल्लीं रोज येतात. विमानांतून फवारा मारून पाऊस पाडल्याची, हांकणाऱ्यावांचून चालणाऱ्या ट्रॅक्टरची, यंत्राच्या बुद्धीनें ऊंस वाढविल्याची, अशा बातम्या गांवच्या पारावर मोठ्यानें वाचल्या जातात व ऐकणारांत तत्काळ दोन तट पडतात. एक म्हणतो, हें सर्व थोतांड आहे. दुसरा म्हणतो, आतां आपली ददात मिटली. दोघांचाही एक फायदा असा होतो कीं, पुढील चौकशीचा त्रास वांचतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या टापूंतील शेतकऱ्यास पहिलें मत शोभत नाहीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. बुरशीपासून औषध काढतात ही गोष्ट त्या काळीं अनेकांस गप्प वाटली असेल, पण त्या औषधानें माणसें वांचलीं. चाकणच्या माळावर जेथें बाजरी होत होती तेथें आज मोटारी तयार होतात. शास्त्र खोटें, असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? परंतु दुसरें मतही आपणांस परवडत नाहीं. बातमी फोल ठरली तर छापणाराचें कांहीं जात नाहीं. चाळींतला कांदा मात्र आपला सडतो.

हें लिहिण्याचें कारण असें कीं, कांद्यास गामा किरण देऊन तो अनेक महिने टिकविण्याची बातमी गेल्या कांहीं वर्षांत पुनःपुन्हा छापून आली आहे. २०२३ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्यानें लासलगांव येथें १५० टन कांद्यावर प्रयोग केला. २०२४ सालीं हेंच काम १ लाख टनांपर्यंत नेण्याचा विचार असल्याचें प्रसिद्ध झालें, व त्याच वर्षीं राज्य सरकारनें अणुविज्ञानाच्या आधारें ‘कांदा महाबँक’ उभारण्याची घोषणा केली. खेड तालुक्याच्या बाजार समितीचें चाकणचें आवार तर कांदा-बटाट्याचेंच. तेव्हां अशी बातमी वाचून, “आतां चाळीवर पैसा कशाला घालावा?” असा विचार एखाद्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तो विचार कितपत रास्त आहे तें पाहूं.

महसूल खात्यांत नोकरीचीं वर्षें काढल्यामुळें प्रस्तुत लेखकास एक संवय लागली आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर मालकाचें नांव वाचून थांबावयाचें नाहीं; ‘इतर हक्क’ हा रकाना पाहावयाचा, कारण बोजा तेथें असतो. बातमीचेंही तसेंच आहे. शोधाचें नांव ठळक असतें. बोजा कोठें लिहिला आहे तें शोधावें लागतें.

किरण काय करतात

काढलेला कांदा मेलेला नसतो. त्याच्या गाभ्यांत वाढीचा डोळा असतो व काढणीनंतर कांहीं काळ तो निद्रिस्त राहतो. ही निद्रा संपली व हवा थोडी गार झाली म्हणजे कोंब बाहेर पडतो. कोबाल्ट-६० या धातूपासून निघणारे गामा किरण कांद्यांतून आरपार जातात व त्या डोळ्यांतील वाढणाऱ्या पेशींची विभागणी बंद पाडतात. मग कोंब येत नाहीं. यासाठीं फार थोडी मात्रा पुरते. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें कांद्यास २० ते २०० ग्रे इतकी मात्रा देतां येते. ग्रे हें किरणांच्या मात्रेचें माप आहे. मात्र हें काम काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, डोळा निद्रिस्त आहे तोंवर, झालें पाहिजे. डोळा जागा झाल्यावर उपयोग कमी.

येथें एक भीति दूर केली पाहिजे. किरण दिलेला कांदा स्वतः किरण टाकूं लागत नाहीं. कोबाल्टचा व कांद्याचा स्पर्शही होत नाहीं, आणि या किरणांत दुसऱ्या पदार्थास किरणोत्सर्गी करण्याइतकी शक्तिही नसते. दवाखान्यांत छातीचा फोटो काढला म्हणून माणूस जसा अंधारांत चमकत नाहीं, तसेंच हें. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहकारी संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें १९८० सालीं १०,००० ग्रेपर्यंतची मात्रा खाद्यपदार्थांस निर्धोक ठरविली. कांद्याची मात्रा तिच्या पन्नासाव्या हिश्शाहून अधिक नाहीं. आपल्या सरकारनें १९९४ सालीं कांदा, बटाटा व मसाले यांस किरण देण्यास परवानगी दिली. तेव्हां शोध खरा आहे व माल खाण्यास निर्धोक आहे, एवढें निःशंकपणें मान्य करावें.

किरण काय करीत नाहींत

चाळींतील कांदा तीन वाटांनीं कमी होतो. पाणी उडून वजन घटतें; बुरशी व जंतु लागून कांदा सडतो; आणि कोंब फुटून तो विक्रीस निरुपयोगी होतो. किरण या तिहींपैकीं तिसरी वाट बंद करतात. पहिल्या वाटेवर त्यांचा थेट इलाज नाहीं. दुसऱ्या वाटेवर इलाज करावयाचा तर याहून कितीतरी मोठी मात्रा लागेल, व ती कांद्यालाच सोसणार नाहीं. सालीखालची काळी बुरशी किंवा ओल्या मानेंतून शिरलेली सड एवढ्या मात्रेला भीत नाहीं.

आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. किरण दिलेल्या कांद्याच्या गाभ्यांतील मेलेला डोळा पुढें तपकिरी दिसूं शकतो. चवीस बाध नसला तरी चिरणारास तो दिसतो. दुसरें, असा कांदा बियाण्यासाठीं लावतां येत नाहीं, कारण ज्यास कोंब नाहीं त्यास डेंगळे कोठून येणार? जो शेतकरी घरचें बी धरतो त्यानें तेवढा कांदा वेगळा राखलाच पाहिजे.

हिशेब

आतां एक उदाहरण घेऊं. आंकडे समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या चाळीचे घालावे. समजा, मे महिन्यांत १०० क्विंटल कांदा चाळींत भरला व पांच महिन्यांत ३५ क्विंटल कमी झाला. पैकीं २० क्विंटल वजनघट, १० क्विंटल सड व ५ क्विंटल कोंब. किरणांनीं कोंबाचें नुकसान शेंकडा ९० कमी केलें असें धरलें, तर वांचले साडेचार क्विंटल. वर्तमानपत्र लिहील, “नुकसान नव्वद टक्क्यांनीं घटलें.” तें वाक्य खोटें नाहीं. परंतु शेतकऱ्याचें एकूण नुकसान ३५ वरून साडेतीस झालें, इतकाच त्याचा अर्थ. नव्वद टक्के कशाचे, हा प्रश्न न विचारल्यास माणूस फसतो.

भाव क्विंटलला २,००० रुपये धरला तर साडेचार क्विंटलचे ९,००० रुपये झाले. म्हणजे भरलेल्या प्रत्येक क्विंटलमागें ९० रुपये. चाकणहून लासलगांव सुमारें दोनशें किलोमीटर. जाण्यायेण्याचें भाडें, चार वेळची हमाली, चढउतारींत ठेंचाळलेला माल व किरण देण्याचा आकार, हें सर्व ९० रुपयांत बसलें तर व्यवहार बरोबरीचा. एक रुपया अधिक झाला तर तोट्याचा. शिवाय ठेंचाळलेला कांदा आधीं सडतो, म्हणजे एक वाट बुजवितांना दुसरी रुंद होते. आणि जो कांदा जून-जुलैंतच विकावयाचा आहे, त्यास कोंबाचें भय मुळांतच थोडें असल्यानें किरणांचा खर्च कशासाठीं?

लासलगांवचा अनुभव

किरणांचा कारखाना ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. भाभा अणुसंशोधन केंद्रानें लासलगांव येथें ‘कृषक’ या नांवाचें केंद्र २००२ सालींच उभें केलें, व तें मुख्यतः कांद्यासाठीं होतें. पुढें २००७ पासून अमेरिकेस हापूस व केसर आंबा जाऊं लागला. त्या देशाच्या नियमाप्रमाणें आंब्यांतील किडींच्या बंदोबस्तासाठीं किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते, म्हणून हें केंद्र आंब्याच्या निर्यातीमुळें अधिक नांवारूपास आलें. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. परदेशीं जाणारा आंबा किलोमागें मोठा आकार सोसतो; कांदा सोसत नाहीं.

दुसरी अडचण काळाची आहे. उन्हाळी कांदा सर्वांचा एकाच वेळीं, मार्च अखेरपासून मे अखेरपर्यंत निघतो, व किरण दोन-तीन आठवड्यांत द्यावयाचे असतात. आंब्याचा हंगामही तोच. एका केंद्राची दिवसाची शक्ति ठरलेली असते. उरलेले महिने यंत्र रिकामें राहिलें तरी कोबाल्ट थांबत नाहीं. त्याचें बळ दर सालीं सुमारें शेंकडा १२ प्रमाणें घटतें व सव्वापांच वर्षांत निम्म्यावर येतें. बैलास काम नसलें तरी वैरण घालावीच लागते, त्यांतलाच हा प्रकार. एखाद्या संघानें कर्ज काढून असें केंद्र उभारण्याचा विचार केल्यास ही गोष्ट प्रथम मांडली पाहिजे.

बातमीस विचारावयाचे प्रश्न

वरील उदाहरणावरून कोणत्याही नव्या शोधाच्या बातमीस लावतां येतील असे चार प्रश्न निघतात.

पहिला: शेजारीं साधा माल ठेवला होता काय? नवें खत पारखतांना आपण एक वाफा खताशिवाय सोडतो. तसाच त्याच शेतांतला, त्याच दिवशीं काढलेला, किरण न दिलेला कांदा त्याच कोठारांत ठेवला होता काय, व दोहोंचें वजन काय भरलें, हें कळल्याखेरीज टक्केवारीस अर्थ नाहीं.

दुसरा: श्रेय नक्की कोणाचें? किरण दिलेला कांदा थंड कोठारांत ठेवला असेल, तर वजन टिकलें तें थंडीमुळें व कोंब थांबला तो किरणांमुळें. दोन्ही मिळून उपयोग मोठा आहे, कारण माफक थंडींत साध्या कांद्यास कोंब लवकर येतो व किरण दिलेल्यास येत नाहीं. परंतु मग थंड कोठाराचें वीजबिलही त्याच बातमींत छापलें पाहिजे.

तिसरा: किती मालावर? १५० टनांवर जमलेली गोष्ट १ लाख टनांवर तशीच जमेल असें धरूं नये. दहा गुंठ्यांतल्या वाफ्याचें उत्पन्न शंभर एकरांस लावणारा कारकून पीक पाहणींत टिकणार नाहीं.

चौथा: लाभ कोणाच्या पदरीं? २०२४ सालीं सुमारें ५ लाख टन कांदा राखून ठेवण्याचें केंद्र सरकारचें उद्दिष्ट होतें. बाजार चढला म्हणजे असा सांठा बाहेर काढून भाव खालीं आणावयाचा, हा त्याचा हेतु उघड आहे व शहरांतील गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें तो योग्यही असेल. पण सांठा अधिक टिकूं लागला तर आश्विनांत चाळ उघडणाऱ्या शेतकऱ्यास मिळणारा भाव त्याच मानानें दबेल. एकच शोध, पण तो सांठा करणाराच्या हातीं असला तर एक फळ देतो व पिकविणाराच्या हातीं असला तर दुसरें. महाबँक उभी राहील तेव्हां तींत ठेवलेला कांदा कोणाच्या मालकीचा व विकण्याचा दिवस कोणी ठरवावयाचा, हें शेतकऱ्यानें करारांत वाचून घ्यावें.

आज हातीं असलेला उपाय

वजनघट व सड या दोन मोठ्या वाटा घरच्या घरीं अरुंद करतां येतात, व त्याचें शास्त्र आपल्या शेजारींच आहे. कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था १९९८ पासून राजगुरुनगर येथें आहे. तिनें काढलेले भीमा शक्ति व भीमा किरण हे वाण उन्हाळी हंगामांत टिकाऊ ठरले आहेत. जुना पुणे फुरसुंगी कांदाही टिकण्यासाठीं प्रसिद्ध आहेच. नत्र उशिरा देऊं नये, कारण त्यानें मान जाड होते व तेथूनच सड शिरते. काढणीपूर्वीं दहा-पंधरा दिवस पाणी तोडावें. निम्म्या माना पडल्या म्हणजे कांदा काढावा, पातीखालीं झांकून तीन दिवस शेतांत सुकवावा, बोटभर मान राखून पात कापावी व मग दहा-बारा दिवस सावलींत वाळवावा. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच व फटींचा असावा, म्हणजे खालून वारा खेळतो. ढीग चार-पांच फुटांहून उंच करूं नये. ठेंचाळलेला, जोड व जाड मानेचा कांदा चाळींत न भरतां आधींच विकून टाकावा.

वरील हिशेबांतील १० क्विंटल सड या काळजीनें निम्मी झाली, तर ५ क्विंटल घरीं वांचले. किरणांनीं वांचविलेल्या साडेचारांहून तें अधिक आहे, व त्यास गाडीभाडें नाहीं.

किरणांचा मार्ग कायमचा वर्ज्य करावा असें याचें तात्पर्य नव्हे. केंद्र जवळ आलें, त्यास जोडून थंड कोठार झालें व आकार माफक ठरला, तर हिशेब बदलेल. त्या दिवशीं नव्यानें मांडावा. तोंवर प्रत्येक सभासदानें यंदा चाळ भरतांना एक गोष्ट करावी. चार गोणी मोजून वेगळ्या ठेवाव्या, दरमहा त्यांचें वजन घ्यावें, व सडलेला आणि कोंब आलेला कांदा निराळा तोलून वहींत टिपावा. अशा पन्नास वह्या संघाच्या कचेरींत जमल्या, तर पुढील घोषणा घेऊन कोणीही आला तरी त्याच्या आंकड्यांपुढें आपले आंकडे ठेवतां येतील. कोऱ्या वहीच्या शेतकऱ्यास दुसऱ्याची टक्केवारी मान्य करावी लागते. चाळीची दुरुस्ती मात्र पावसापूर्वीं उरकावी, बातमीची वाट पाहूं नये, एवढीच विनंति.