वढूत राहतं कोण?

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा सोडून आत वळलं की भीमेकाठी वढू बुद्रुक लागतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एका समाधीमुळे. 11 मार्च 1689 रोजी औरंगजेबाच्या छावणीत संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं गेलं, आणि त्यांची समाधी इथे आहे. फाल्गुन अमावास्येला इथे माणसांची रीघ लागते. शेजारीच कवी कलशाची समाधी आहे. हा उत्तरेतून आलेला कनौजी ब्राह्मण महाराजांबरोबर पकडला गेला आणि त्यांच्याबरोबरच मारला गेला. जवळच गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. एक मराठा छत्रपती, एक उत्तर भारतीय ब्राह्मण कवी आणि एक महार गावकरी: गावात कोण कोण होतं हे विचारणाऱ्याला वढूत इथूनच सुरुवात करावी लागते.

महाराजांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले, याच्या गावात दोन परंपरा आहेत. एक शिवले घराण्याचं नाव सांगते, दुसरी गोविंद गोपाळांचं. डिसेंबर 2017 च्या अखेरीस याच विषयावरच्या एका फलकावरून गावात वाद झाला, गोविंद गोपाळांच्या समाधीची मोडतोड झाली आणि लगेच 1 जानेवारी 2018 रोजी कोरेगाव भीमा परिसरात दंगल उसळली. एका तरुणाचा जीव गेला. निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. भांडण तीनशे वर्षांपूर्वीच्या रात्रीचं दिसत असलं, तरी त्याचा रोख आजच्या गावातल्या मानावर होता, हे उघड आहे.

जुन्या गावाची रचना मुळात मानाचीच होती. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त ती तपशिलाने मांडली: पाटील, कुळकर्णी, काळी कसणारे कुणबी आणि त्यांच्या आधाराने जगणारे बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मांग. महाराकडे वेसकरकी, शिवेची साक्ष, सरकारी टपाल आणि मेलेली गुरं ओढणं. बकरं हलाल करणारा मुलाणाही बलुत्याचा धनी, म्हणजे मुसलमान घर गावगाड्याच्या बाहेर नव्हतं. बाहेर होता तो महारवाडा, तोही फक्त घरं बांधण्यापुरता. कामाला तो रोज आत लागायचा.

या पट्ट्यातल्या एका गावाची तर देशातल्या अगदी सुरुवातीच्या गावपाहण्यांपैकी एक झाली. पेशवाई बुडाल्यावर लगोलग थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने लोणी गावाची जमीन, घरं, जाती, खाणंपिणं, कर्ज असं सगळं टिपून ठेवलं. 84 शेतकऱ्यांपैकी 79 कर्जात होते, असं त्याने लिहिलं आहे. हे लोणी म्हणजे वढूपासून फार लांब नसलेलं लोणीकंद. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये पुन्हा त्याच गावात गेले आणि तेव्हाचं व आताचं लोणीकंद असं पुस्तक त्यांनी 1960 साली काढलं.

घुर्यांचं नाव इथे आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांना जात म्हणजे वंश असं वाटे. नाकाची रुंदी-लांबी मोजली की जातीची पायरी कळते, हा त्यांचा सिद्धांत. घुर्यांनी 1932 च्या ग्रंथात तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की उत्तर प्रदेशाचा पट्टा सोडला तर हे गणित जमत नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून पुढची पायरी गाठली. एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या मराठी ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मापं घेऊन त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी त्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत ते 1968 मध्ये मांडलं. वढूच्या चावडीवर बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांची जात सांगायला कोणी गेला तर तो फसेल, याला एवढा शास्त्राधार पुरे.

चेहरा सोडा, सरकारी कागदसुद्धा एका मताचे नाहीत. भीमाकाठचं एखादं महार कुटुंब घ्या. 1951 च्या जनगणनेत ते हिंदू, अनुसूचित जाती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि 1961 च्या जनगणनेत हेच कुटुंब बौद्ध म्हणून नोंदलं गेलं, म्हणून अनुसूचित जातीच्या आकड्यातून गळलं. राज्यातले बौद्ध 1951 मध्ये 2,487 होते, 1961 मध्ये 27,89,501 झाले. 1990 मध्ये केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं, तेव्हा 1991 ला ते पुन्हा त्या रकान्यात आले. घर तेच, उंबरा तोच.

मराठा घरांचंही तसंच. 2023 पासून मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उघडली गेली. गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक, मोडी वाचकापुढे आलं आणि पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडतंय का याकडे घरंच्या घरं डोळे लावून बसली. शाळेच्या दाखल्यावर मराठा, पणजोबांच्या नोंदीत कुणबी. दोन्ही खरं.

बाहेरून आलेल्यांची गणतीही जुनीच आहे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात लढाई झाली तेव्हा शिरूरच्या छावणीतून आलेल्या कंपनीच्या तुकडीत मुंबई फौजेचे देशी शिपाई आणि मद्रासचे तोफची होते. पेशव्यांच्या पायदळात अरब आणि गोसावी होते. या लढाईच्या जयस्तंभावरच्या 49 नावांपैकी 22 नावं ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार सैनिकांची. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब इथे आले, आणि तेव्हापासून इथे जमण्याची ही तारीख बदलली नाही. शिरूरची छावणी बरीच वर्षं टिकली. 1809 साली तिथे वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासचे शेतकरी ‘सत्पुरुष’ म्हणून सुगीचं धान्य वाहत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. साहेबही देवळाच्या पंगतीत बसला म्हणायचा! तिकडे दौंडला रेल्वेने अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबं आणली, पुढे राज्य राखीव पोलीस दलाने राज्यभरची. भामा-आसखेड धरणाने उठवलेल्या खेडच्या शेतकऱ्यांच्या वाट्यालाही दौंडची जमीन आली.

आणि मग कारखाने आले. रांजणगावची एमआयडीसी, सणसवाडी-शिक्रापूरचा पट्टा. पुणे-नगर रस्त्याच्या दुतर्फा शेताच्या बांधावर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. दहा बाय दहाची एक खोली, पाळीपाळीने झोपणारी तीन-चार पोरं, दाराशी एकच नळ. बीड, लातूर, नांदेडहून आलेली, तशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातूनही. किराणा दुकानात बाजरीच्या पोत्याशेजारी सत्तूची पाकिटं आणि मोहरीचं तेल मांडलेलं असतं. खोलीमालक स्थानिक, भाडेकरू ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा. ऊसतोडीच्या हंगामात बीडच्या टोळ्याही येतात आणि गाळप संपलं की कोप मोडून निघून जातात.

एवढं सगळं असून गावाच्या वस्तीचा जातवार हिशेब सरकारकडे नाही. 1931 नंतर जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती वगळता जातवार आकडे दिलेच नाहीत. 2011 च्या आकड्यांनुसार राज्यात अनुसूचित जाती 11.8 टक्के, जमाती 9.35 टक्के, बाकीचे कोण, ते ज्याचे त्याने अंदाजाने सांगावं. निवडणूक आली की प्रत्येक नेत्याच्या खिशात वेगळा अंदाज निघतो. 2021 ची जनगणना तर लांबतच गेली. दरम्यान, डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर आली. नाव बदललं ते चांगलंच झालं; वस्ती मात्र जिथे होती तिथेच आहे.

आता 30 एप्रिल 2025 ला केंद्राने जातीची नोंद जनगणनेत घ्यायचं जाहीर केलं आणि संदर्भ तारीख ठरली 1 मार्च 2027. वढूसारख्या गावात प्रगणक आला की पाटलांच्या वाड्यात आणि समतानगरात आपसूक जाईल; तिथली माणसं दारात उभी राहून उत्तरं देतील. गळणार आहेत त्या पत्र्याच्या खोल्या. माणूस सहसा जिथे राहतो तिथेच त्याची मोजणी व्हायची असते, पण ‘आमचं नाव गावाला आहे’ म्हणून भाडेकरू टाळतो आणि भाडेपावतीच्या भानगडीने खोलीमालकही त्याला दडवतो. भीमाकाठच्या खोलीमालकांनी त्या दिवशी एवढं करावं: प्रगणकाला मागच्या रांगेपर्यंत घेऊन जावं आणि पाळीवर गेलेल्यांचीही नावं सांगावीत.